महापरसादची खोली

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या मुन्नालाल मुन्शीनं टाक दौतीत बुडवला, झटकला आणि विचारलं, "ज्याले काढायचं त्याचं नाव?"

धुरपता कडुनिंबाच्या बुंध्याकडं बघत राहिली.

"अवो बाई, किरायादाराचं नाव सांगा. नावच नाही तर अर्ज कोनाच्या डोक्यावर मारू?"

धुरपतानं पदर तोंडात धरला आणि शेजारी उभ्या पोरीला कोपरानं ढोसलं. फुलवंताला काहीच कळेना. सकाळी आईनं तिची वेणी घट्ट बांधली होती आणि "चाल, कचेरीत जाऊ, तुले बोलता येते," एवढंच म्हणून तिला आणलं होतं. आणि बोलता येतं म्हणजे काय, येतंच! पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात बाकावर चढून तिनं जे भाषण ठोकलं, तेव्हापासून तिचं तोंड काही मिटलंच नव्हतं. मास्तरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, या मुलीला कोणतीही बाजू द्या, मांडून दाखवते. त्यामुळे फुलवंता कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली अगदी छाती पुढे काढून उभी होती. फक्त बाजू कोणती, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोनाले काढाचं आहे?" तिनं आईच्या कानाशी लागून विचारलं.

"आपल्या मांगच्या खोलीतली."

"म्हणजे जमुनामावशी?"

"जमुनाबाई," मुन्शीनं लिहूनसुद्धा टाकलं. "नवऱ्याचं नाव?"

"बिसराम," फुलवंताच्या तोंडून सुटलं. कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, अशी सवयच लागली होती ना! आणि मग टाक कागदावर कुरकुरत पुढे निघून गेला तेव्हा कुठं तिला उमगलं, की आपण आत्ता काय केलं.

आईनं नाव का घेतलं नाही, हे मात्र तिला सांगावं लागत नव्हतं. ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

त्यांचं घर गोंदियात मालधक्क्याच्या मागं. पुढची खोली, मागची खोली, बाजूला पडवी आणि वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. फुलवंताचा बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, होता. ड्युटीवरून आला की स्वतः माती कालवून त्यानं भिंती उभ्या केल्या, आणि घर पुरं झालं तसा तापानं गेला. पुढच्या खोलीत धुरपतानं मुरमुऱ्याची भट्टी घातली, मागची खोली किरायानं दिली. तिथं डोंगरगडाकडची जमुनाबाई आली, तिचा नवरा बिसराम आला. ती बिड्या वळायची, तो मालधक्क्यावर हमाल.

मग एका वर्षी धुरपताला हैजा, म्हणजे पटकी, झाला. मोहल्ल्यातले लोक नाकाला फडकं लावून लांबून जात होते, तेव्हा जमुनाबाईनं तिचं सगळं काढलं. तिला धुतलं, पाजलं, फुलवंताला आपल्या कुशीत निजवलं, वर भट्टीसुद्धा विझू दिली नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारचं कुणी जगन्नाथपुरीला जाऊन आलं आणि तिथला वाळवलेला भात घेऊन आलं. जमुनाबाईच्या मुलखात एक रीत आहे. दोन मैत्रिणींनी चार माणसांसमोर तो भात एकमेकींच्या तोंडात घातला, नारळ बदलले, की त्या झाल्या एकमेकींच्या महापरसाद. सख्ख्या बहिणीहून वरचं नातं! आणि त्याचे नियमही तसेच कडक. महापरसादचं नाव जन्मभर तोंडातून काढायचं नाही. तिला वाकडा शब्द बोलायचा नाही. आणि ती जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही.

त्या दिवसापासून धुरपतानं किराया घेणं सोडलं. "महापरसादकडून किराया? माझ्या तोंडात किडे पडतील!" जमुनाबाईनं खूप वाद घातला असता, पण वाद घालायचीही बंदी. तेव्हा बिसराम दर उन्हाळ्यात छपरावर चढायचा आणि दोन्ही खोल्यांचे कवेलू फेरून, पुन्हा नीट बसवून द्यायचा. इतकी वर्षं हे असं चाललं होतं. सकाळी दोघी दारात भेटल्या की, "सीताराम महापरसाद!" "सीताराम वो महापरसाद!" ऐकून ऐकून मोहल्ल्यातले पोपटसुद्धा बोलायला लागले असते.

आणि आता हा अर्ज!

कचेरीतून निघाल्यावर फुलवंता रस्ताभर आईच्या मागं लागली.

"काऊन माय? काऊन केलं तू असं?"

"शकुंतला येऊन राहिली. लेकरायले घेऊन. कायमची." धुरपता पुढं बघत चालत होती. "धान चुरून झालं की घर खाली कर म्हणते तिचा देर. तिले मी कोठी ठेवू? भट्टीत?"

शकुंतला म्हणजे फुलवंताची मोठी बहीण. आमगावला दिली होती. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला आणि तेव्हापासून सासरचे तिच्याकडं घरात आलेल्या परक्या शेळीकडं बघावं तसं बघत होते. धाकटं पोरगं दम्यानं बेजार. पुढच्या खोलीत दिवसभर भट्टीचा धूर आणि उडत्या राखेचा खकाणा असायचा. तिथं ते लेकरू टिकलं नसतं, हे फुलवंतालाही कळत होतं. मागची खोली पाहिजेच होती. त्याला पर्याय नव्हता.

"मग तूच सांग ना मावशीले. तू मांगशील तर ती नाही म्हणूच शकत नाही!"

धुरपता रस्त्यात थांबली. सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला.

"म्हणूनच तर मांगत नाही, बाप्पा! जिले नाही म्हणताच येत नाही तिच्याजवळ मांगायचं म्हणजे काय व? हात धरून बाहेर काढल्यासारखंच झालं ते. तिच्यानं नाही म्हणवणार नाही अन् ती रेल्वे पुलाखाली जाऊन राहील." मग जरा सूर उतरवून म्हणाली, "सरकारले नाही म्हणता येते. सरकारनं मांगावं. तिले काही बोलायचं असंल तर सरकारले बोलंल."

फुलवंता बघतच राहिली. म्हणजे आईनं जमुनामावशीवर केस केली होती ती तिच्यावर जबरदस्ती होऊ नये म्हणून? हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

"अन् गंमत पाय," धुरपता पुन्हा चालायला लागली, "माझं घर, माझ्या नवऱ्यानं बांधलं, अन् त्यातली एक खोली घ्यायले मलेच परवानगी! धानाचा कंट्रोल झाला, कपड्याचा कंट्रोल झाला, आता खोलीचापण कंट्रोल. त्या शेठच्या एवढ्या चाळी आहेत, त्याले नाही लागत परवानगी. त्याचे लोक येतात, सामान फेकतात. मीच सापडली."

काही दिवसांनी चपराशी आला आणि जमुनाबाईच्या हातात नोटीस ठेवून गेला. जमुनाबाई पडवीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. तिनं कात्री खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि शाळेतून आलेल्या फुलवंताला हाक मारली.

"फुला, वाच वो बेटा. सरकारले माझ्याशी काय काम पडलं?"

फुलवंतानं कागद उलगडला. "अर्जदार, धुरपता..."

जमुनाबाईनं दोन्ही कानांवर हात दाबले. "अवो, माझ्यासमोर महापरसादचं नाव नको घेऊ! पुढचं वाच."

पुढचं वाचलं. जमुनाबाईनं एक तेंदूपान उचललं, कात्रीनं चौकोनी कापलं, तंबाखू भरला, वळलं, दोरा गुंडाळला. बिडी अशी घट्ट आणि सरळ आली की जणू काही झालंच नाही.

"तिनं दारात येऊन म्हटलं असतं ना, 'महापरसाद, खोली दे', तर मी संध्याकाळच्या आत चूल उचलली असती," ती म्हणाली. "पण सरकार म्हणून राहिलं तर मी काऊन उचलू? सरकार काही माझा महापरसाद नाही. शरणार्थी लोक आले तेव्हापासून या गावात खोली म्हणजे सोनं. तुझ्या काकाची कंबर यंदा मोडली. नवीन जागेचा मालक आधी पगडी मांगते. आम्ही जाऊ कोठी? सांगून देईन सरकारले, नाही जात म्हणून."

आणि लगेच उठून तिनं वाटीत अंबाडीची भाजी घातली. "जा, तुझ्या मायले दे. तिले आवडते."

फुलवंता ती वाटी घेऊन पुढच्या खोलीत गेली. आईनं भाजी खाल्ली, "मीठ कमी आहे," म्हणाली, वाटी घासून त्यात मुरमुरे भरले आणि परत पाठवली. या दोघी एकमेकींविरुद्ध कोर्टात आहेत की काय, असं कुणी विचारलं असतं तर फुलवंतानं शपथेवर नाही म्हटलं असतं.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी शकुंतला आली. गावात दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत होते, पाळणे फिरत होते, आणि ही एक ट्रंक, एक गाठोडं आणि दोन लेकरं घेऊन स्टेशनातून चालत आली. धाकट्यानं दारात पाय ठेवला आणि खोकायला लागला. भट्टी विझवावी तर खायचं काय? धुरपतानं त्याला पडवीत नेलं, तर तिथं थंडी. शकुंतला ट्रंकेवर बसून राहिली, जशी अजून गाडी यायचीच आहे.

दुसऱ्या दिवशी फुलवंताच्या मनात एक सरळ, सोपा विचार आला आणि तिला स्वतःच्याच हुशारीचा अभिमान वाटला. एकच वाक्य! जमुनामावशीजवळ जाऊन म्हणायचं, 'मायले खोली पाहिजे, तिच्यानं म्हणवत नाही, म्हणून मी मांगून राहिली.' झालं. कोर्ट नको, कचेरी नको, खोली मोकळी. ती तडक मागं गेली.

मागच्या खोलीच्या दारात बिसराम पालथा पडला होता आणि जमुनाबाई त्याच्या कंबरेला मोहाचं गरम तेल चोळत होती.

"ये फुला," तो पडल्या पडल्याच हसला. "तुझी मावशी माझी कणीक तिंबून राहिली. बोल, काय काम काढलं?"

"मायले..." फुलवंतानं सुरुवात केली.

जमुनाबाईचा हात थांबला. ती वर बघत होती. डोळ्यात राग नव्हता, काही नव्हतं. फक्त वाट बघणं होतं. आणि फुलवंताला एकदम दिसलं की हे वाक्य संपलं की ही बाई उठेल, तेलाची वाटी बाजूला ठेवेल आणि चूल उचलेल. 'नाही' म्हणायला तिच्याजवळ तोंडच नाही.

"मायले... भाजी लय आवडली," फुलवंता म्हणाली आणि पळाली.

बोरीच्या झाडाखाली उभं राहून तिनं स्वतःला चांगलंच झापलं. बाकावर चढून बोलणारी तू! आता काय झालं? पण मागून धाकट्याचा खोकला ऐकू आला आणि तिला वाटलं, बोलायला पाहिजे होतं. मग बिसरामकाकाचं कण्हणं ऐकू आलं आणि वाटलं, बरं झालं नाही बोलली. शाळेत एका बाजूनं बोलून खाली बसलं की दुसरी बाजू दुसरी मुलगी मांडायची. इथं दोन्ही बाजू एकाच डोक्यात बसून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

मग एक दिवस कचेरीतले साहेब स्वतःच मौका, म्हणजे जागा, बघायला आले. सोबत चपराशी, आणि न बोलावता मुन्नालाल मुन्शीही. पडवीत खुर्ची टाकली. मोहल्ला कुंपणावर लोंबकळला.

साहेब नागपूरकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी धुरपताला विचारलं, "मागच्या खोलीत कोण राहतं?"

"महापरसाद."

"नाव सांगा."

"नाही घेता येत, साहेब."

साहेबांनी जमुनाबाईकडं वळून विचारलं, "तुमची घरमालकीण कोण?"

"महापरसाद."

"अहो, ती महापरसाद की तुम्ही?"

"दोघीपण," कुंपणावरून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बरं. भाडं किती देता?"

जमुनाबाईनं मान हलवली. "काहीच नाही देत."

हे ऐकताच मुन्नालाल असा उडाला, जणू विंचू चावला. "मग प्रश्नच मिटला, साहेब! किराया नाही म्हणजे किरायादारच नाही! ही तर पाहुणी. पाहुण्याले घालवायले कायद्याची परवानगी लागतच नाही. बाई, तुम्ही जिंकल्या! आजच सामान काढा!"

फुलवंतानं आईकडं बघितलं. धुरपता जिंकली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा पडला होता.

"हे खरं आहे?" साहेबांनी जमुनाबाईला विचारलं. "तुम्ही पाहुण्या की भाडेकरू? नीट सांगा. भाडेकरू असाल तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. पाहुण्या असाल तर मी काही करू शकत नाही."

"पाहुणी नाही मी," जमुनाबाई म्हणाली.

"म्हणजे भाडेकरू."

"असं कसं म्हणू, साहेब? महापरसादच्या घरात मी किरायानं राहते असं म्हणू? मग त्या परसादाचं काय?"

"बाई, कागदावर दोनच रकाने आहेत."

साहेबांची नजर फिरत फिरत फुलवंताच्या हातातल्या दप्तरावर थांबली. "तू शाळेत जातेस ना? कितवीत?"

"आठवीत."

"तू तर नाव घेऊ शकतेस. तुझ्या डोळ्यांसमोर झालं आहे सगळं. सांग, जमुनाबाई कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा सगळा मोहल्ला फुलवंताच्या तोंडाकडं बघत होता, आणि तिला बाकाखाली शिरावंसं वाटलं. पाहुणी म्हटलं की बहिणीला खोली. भाडेकरू म्हटलं की मावशीला खोली. आत धाकटा खोकत होता. शकुंतला दाराच्या फटीतून बघत होती. फुलवंतानं वर बघितलं, कारण खाली कुणाकडंच बघवत नव्हतं. वर कवेलू होते. ओळीनं, नीट बसवलेले, पुढच्या खोलीवर आणि मागच्या खोलीवर एकसारखे.

"बिसरामकाका दर साल कवेलू फेरते," ती म्हणाली. "आमच्यापण खोलीचे. पैशे माय घेत नाही म्हणून. तोच किराया, साहेब. किरायादार आहेत ते."

साहेबांनी लिहिलं. टाकाचा आवाज कडुनिंबाखाली आला होता अगदी तसाच.

मग साहेब उठले, दोन्ही खोल्यांत डोकावले, भट्टीजवळ खोकले, लेकराच्या पाठीवर हात ठेवला, बिसरामची वाकलेली कंबर बघितली आणि पडवीत परत आले.

"तुमची गरज खरी आहे, बाई," ते धुरपताला म्हणाले. "त्यांची पण खरी आहे. हा कायदा चाळी बाळगणाऱ्या शेठकडं बघून केला, तुमच्याकडं बघून नाही. पण मला तुमच्यासाठी वेगळा कायदा करता येत नाही. तुमच्याकडे राहायला एक खोली आहे, त्यांच्याकडे दुसरी कुठलीच नाही. परवानगी देत नाही."

ते गेले. मोहल्ला कुंपणावरून उतरला. धुरपता भट्टीसमोर बसून सराटा, ते लांब उलथनं, उगाच रेतीत फिरवत राहिली, तांदूळ न टाकताच.

"तू माझी पोट्टी आहे का तिची?" तिनं मागं न बघता विचारलं.

"मी खरं बोलली, माय."

"खरं बोलली! मग मले रडू काऊन येऊन राहिलं?"

"साहेबानं खोली नाही दिली म्हणून?"

"तेच तर समजत नाही!" धुरपतानं सराटा आपटला. "तो मुन्शी सामान काढा म्हणाला तवा माझ्या जिवाचं पाणी झालं. अन् साहेब नाही म्हणाला तवा आंग हलकं झालं. अन् आता शकुंतलाकडं पाहिलं की वाटते, तुह्या थोबाडीत द्यावी. यातलं कोनतं खरं?"

फुलवंतानं सराटा उचलून परत आईच्या हातात ठेवला.

दिवेलागणीला जमुनाबाई दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"सीताराम महापरसाद."

धुरपतानं डोळे पुसले. "सीताराम."

"एक मांगू का?"

"मांग."

"शकुंतला अन् लेकरं आजपासून माझ्या खोलीत निजतील. मधात लुगडं बांधते. तुझे भाऊजी पडवीत पडतील, बांबूची तट्टी लावून घेतली आहे त्यायनं. इथल्या धुरात ते लेकरू नको."

महापरसादनं मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? पण यात 'हो' म्हणणारी कोण आणि देणारी कोण? शकुंतलानं मात्र कशाचीच वाट बघितली नाही. तिनं धाकट्याला खांद्यावर टाकलं, ट्रंकेची कडी धरली आणि मागं निघून गेली.

"पाहून घे," धुरपता फुलवंताला म्हणाली, जमुनाबाई गेल्यावर. रागानं म्हणाली की कौतुकानं, देवच जाणे. "कायदापण तिच्या बाजूनं, अन् पुण्यपण तिच्याच पदरात! मले काही ठेवलंच नाही बाईनं!"

त्यानंतर मागच्या खोलीत लुगड्याच्या एका अंगाला बिड्यांची सुपं आणि दुसऱ्या अंगाला शकुंतलाची ट्रंक, असा संसार सुरू झाला. धाकटा रात्रीचा झोपू लागला. बिसराम पडवीत कुडकुडायचा आणि सकाळी जमुनाबाईवर चिडायचा. शकुंतला बिड्या वळायला शिकली, पण तिच्या बिड्या इतक्या ढिल्या की ठेकेदाराचा माणूस मूठ-मूठभर फेकून द्यायचा आणि जमुनाबाई तोंडानं नाही पण सूप आपटून बोलायची. शकुंतला महापरसादची लेक होती, स्वतः महापरसाद नव्हती, तेव्हा सूप आपटायला बंदी नव्हती.

आणि एका बाजाराच्या दिवशी मुन्नालाल मुन्शी मुरमुरे घ्यायच्या निमित्तानं दारात टपकला. मान लांब करून त्यानं मागं बघितलं, लुगडं बघितलं, ट्रंक बघितली, आणि त्याचे डोळे चमकले.

"बाई, तुमची लेक तिच्या खोलीत राहते?" तो हळूच म्हणाला. "अवो, मग तर झालंच! किरायादारानं मालकाच्या लेखी परवानगीवाचून आपल्या खोलीत दुसरा माणूस ठेवला, म्हणजे शिकमी किरायादार ठेवला. तो गुन्हा आहे कायद्यात. एवढ्यावर खोली खाली होते! साहेबानंच तिले किरायादार लिहिलं ना? आता तेच धरायचं. अर्ज करता का? कच्चा अर्ज मी मनात लिहूनपण टाकला."

धुरपता मुरमुरे मोजता मोजता थांबली. माप हातात तसंच राहिलं. भट्टीतली रेती तडतडत होती. मागून धाकट्याचा हसण्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागं सूप आपटल्याचा.

ती मुन्शीला नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. तिनं फुलवंताकडं बघितलं.

"फुला, शिकमी म्हणजे काय व? तुमच्या पुस्तकात असंल."

फुलवंताला माहीत होतं. मुन्शीनं सांगितलं तेव्हाच पुरतं कळलं होतं, आणि बाकावर चढून दोन्ही बाजूंनी बोलून दाखवता आलं असतं इतकं नीट कळलं होतं. पण आईच्या डोळ्यात आत्ता हो लिहिलं होतं की नाही, तेवढंच तिला वाचता येत नव्हतं. आणि बहुतेक आईलाही नव्हतं.

तिनं आईच्या हातातलं माप घेतलं, मुन्शीच्या पिशवीत मुरमुरे ओतले आणि म्हणाली, "मले नाही माहीत, माय. आठवीत नाही शिकवत ते."